छापखान्यात फाइल देण्याआधी: स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांसाठी

नारायण पेठेतल्या माझ्या छोट्या ऑफिसात स्वतःचं पुस्तक काढू पाहणारी माणसं येतात, तेव्हा बहुतेकांकडे सगळ्यात आधी मुखपृष्ठ तयार असतं. भाच्यानं किंवा ओळखीतल्या चित्रकारानं मनापासून करून दिलेलं, मोबाइलवर छान दिसणारं. आतला मजकूर मात्र निम्मा वर्डमध्ये, निम्मा कुठल्या तरी जुन्या फाँटमध्ये पडलेला असतो. पुस्तक किती पानांचं होणार, कोणत्या कागदावर छापायचं, हे ठरलेलंच नसतं. आणि ते ठरल्याशिवाय कव्हरची रुंदी काढता येत नाही, कारण मधल्या कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची, जाडी पानांवर आणि कागदावर अवलंबून असते. मग ते लाडकं मुखपृष्ठ पुन्हा करायला लागतं.

गेली वीसेक वर्षं मी अक्षरजुळणी आणि पुस्तकाची मांडणी करतो. बिघडलेली पुस्तकं जी पाहिली, त्यांतली बरीचशी कामाचा क्रम चुकल्यामुळे बिघडलेली होती. आधी आकार आणि कागद, मग पक्का मजकूर, मग पानं, मग कव्हर, शेवटी पीडीएफ. हा क्रम पाळलात तर पैसे वाचतात आणि मनस्तापही. खाली त्याच क्रमानं लिहितो.

आधी छापखाना, मग कॉम्प्युटर

घरातलं हातात धरायला आवडणारं एक पुस्तक घ्या, पट्टीनं मोजा आणि ते घेऊनच छापखान्यात जा. मराठी कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रं बहुतेक डेमी आकारात असतात: साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४० बाय २१६ मिलिमीटर. हा आकार रूढ होण्यामागे कागदाचा हिशेब आहे. २३ बाय ३६ इंचांच्या मोठ्या कागदातून डेमीची १६ पानं, म्हणजे ३२ पृष्ठं, जवळजवळ काहीही वाया न जाता निघतात. तुम्ही हौसेनं सहा बाय सव्वानऊ असा आकार धरलात तर तेवढी पृष्ठं त्या कागदातून निघत नाहीत. उरलेला कागद कापून टाकला जातो आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात लागतात.

डेमी पुस्तक साधारणपणे १६ पृष्ठांच्या फर्म्यांत, म्हणजे एका कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापलं जातं. हा आकडा पानं लावताना सतत डोळ्यांपुढे हवा. २०८ पृष्ठं म्हणजे बरोबर १३ फर्मे. २१३ झाली तर एक तर पाच पृष्ठं आवरायची, नाहीतर २१६ वर नेऊन शेवटचा अर्धा फर्मा वेगळा छापून घ्यायचा. हे मांडणी चालू असताना सहज जमतं. छपाईच्या आदल्या दिवशी जमत नाही.

प्रती किती काढायच्या हेही याच भेटीत ठरवा. शंभर-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बरी पडते. पाचशेच्या पुढे ऑफसेटला, म्हणजे धातूच्या प्लेट करून होणाऱ्या छपाईला, प्लेटचा खर्च सगळ्या प्रतींत वाटला जातो आणि एका प्रतीचा दर उतरतो. पहिल्या पुस्तकाला हजार प्रतींचा आग्रह धरू नका असं मी सगळ्यांना सांगतो. घरातल्या माळ्यावर खोकी रचून ठेवावी लागली की लेखकाचा जीव थोडा थोडा होतो, आणि ते पाहवत नाही.

आतल्या पानांसाठी ७० किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, हा साधा, चकाकी नसलेला कागद, नेहमी वापरला जातो. त्यात पांढराशुभ्र आणि किंचित पिवळसर नॅचरल शेड असे प्रकार मिळतात. सलग वाचनाच्या पुस्तकाला मी नॅचरल शेडच सुचवतो, डोळ्यांवर ताण कमी येतो. कागद निवडताना नुसता कोरा नमुना पाहू नका. त्याच कागदावर छापलेलं एखादं पान मागा आणि मागची छपाई पुढे दिसते का ते उजेडात धरून बघा. कागदाचे धागे कण्याला समांतर जातील ना, हेही विचारा. ते आडवे गेले तर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पानांना कण्यापाशी लाटा येतात.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. छापखान्याकडून किंवा बाइंडरकडून कोरी डमी बांधून घ्या. तोच कागद, तेवढीच पानं, तशीच बांधणी, छपाई काहीही नाही. ती हातात घेतली की पुस्तकाचं वजन, जाडी, उघडण्याची पद्धत सगळं कळतं, आणि कणा पट्टीनं मोजता येतो. पृष्ठसंख्या जास्त असेल तर याच वेळी बांधणीही ठरवा. नुसत्या डिंकाच्या परफेक्ट बाइंडिंगपेक्षा फर्मे शिवून केलेली बांधणी महाग पडते, पण वाचनालयात शंभर हातांतून जाणारं पुस्तक तीच टिकवते.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, अर्जही आत्ताच करा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. लेखक स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. नंबर यायला वेळ लागतो म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पुण्यातले छापखाने दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे गणपतीच्या आसपासपासून, गळ्यापर्यंत कामात असतात. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, त्यासाठीही घाई चालते. या काळात पुस्तक हवं असेल तर जुलैत मजकूर पक्का हवा.

मजकूर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सह्याद्रीत आयुष्यभर भटकलेल्या एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक मी लावलं होतं. त्यांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून आला. मध्ये कुणीतरी फाइल ‘स्वच्छ’ करताना डोळ्यांना न दिसणारी चिन्हं काढून टाकली. चार फर्मे छापून झाल्यावर सरांचा फोन आला. घाटमाथ्यावरच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या. ‘पायऱ्या’च्या ‘पायर्या’, ‘झऱ्याचं’चं ‘झर्याचं’. मी पानं तपासली होती, पण डोळा सवयीनं बरोबर तेच वाचत गेला. ते चार फर्मे रद्दीत गेले. सर काही बोलले नाहीत, पण ते शांत बसणं मला अजून आठवतं.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे टाळता येईल. ‘ऱ्य’ कॉम्प्युटरवर दोन पद्धतींनी लिहिला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याला हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि पुढे य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य चिन्ह असतं, त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते चिन्ह गळालं की ऱ्याचा र्या होतो. ‘आचाऱ्यांना’ जेवण वाढायला सांगितलं हे वाक्य ‘आचार्यांना’ सांगितलं असं छापलं जातं, आणि कुठलाही स्पेलचेक ते पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून मजकूर हाती आला की मी पहिल्यांदा फाइंड-रिप्लेस लावून सगळे अदृश्य चिन्हवाले र पहिल्या पद्धतीत आणतो. मग ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी बघतो. दोनशे पानांना एखादा तास लागतो.

त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी शोधून घ्याव्यात. ‘दुःख’मधला विसर्ग बऱ्याच ठिकाणी अपूर्णविरामानं टाइप केलेला असतो, तो बदलायचा. ‘ॲ’ हा कुठे एकच अक्षर असतो, कुठे अ वर चंद्र देऊन केलेला. एकच पद्धत ठेवायची, नाहीतर शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत. ओवी-अभंगांतला दंड इंग्रजी कळफलकावरच्या उभ्या रेषेनं काढलेला असतो, तो खरा दंड करायचा. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार घ्यायची. दोन शब्दांत दोन-दोन स्पेस, परिच्छेद खाली सरकवायला मारलेले दहा एंटर, हे सगळं साफ करायचं.

श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर तो बदलून घेतल्यावर मूळ प्रिंटशी शब्द न् शब्द ताडून पाहणं भाग आहे. मराठी टायपिंगची ही साधनं घडवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. सीडॅक ही सरकारी संगणक संस्था इथलीच, श्रीलिपी तयार करणारी कंपनीही इथलीच, त्यामुळे पेठांतल्या जुन्या डीटीपीवाल्यांचे हात आजही त्यावर सराईतपणे चालतात. पण पुढच्या आवृत्तीसाठी, ई-बुकसाठी मजकूर युनिकोडमध्ये असलेलाच बरा.

मग मुद्रितशोधन. यावर पैसे वाचवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चांगला मुद्रितशोधक साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम तर लावतोच, शिवाय निवेदन ‘केले’मध्ये आणि संवाद ‘केलं’मध्ये आहेत का, एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे आलंय का, हेही बघतो. हे काम पानं लावण्याआधी पूर्ण व्हायला हवं. पानं लागल्यावर एक परिच्छेद वाढवला तर पुढचं सगळं सरकतं आणि अनुक्रमणिका चुकते.

दुसऱ्या कवीच्या ओळी किंवा कुणाचे फोटो वापरत असाल तर लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत आपल्याकडे हक्क लागू असतो.

पानं लावताना

इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी लावत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलाय ना ते आधी बघा. तो नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी पडतात आणि जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसतात. भाषा मराठी निवडली की, ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात, हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. ज्यांना इनडिझाइन परवडत नाही त्यांनी स्क्रायबसची नवी आवृत्ती वापरून पाहावी, ती मोफत आहे. चित्रं नसलेली साधी कादंबरी वर्डमध्येही नीट लावता येते, फक्त स्टाइल्स वापरायची शिस्त हवी.

यशोमुद्रा, शोभिका, टिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळणारे आणि पुस्तकाला शोभणारे फाँट आहेत. कोणताही फाँट पक्का करण्याआधी हे शब्द त्यात टाइप करा: वाङ्मय, उद्ध्वस्त, ऱ्हास, दऱ्या, राष्ट्र, ब्राह्मण, ॲडव्होकेट, हृदय, दुःख. प्रिंट काढा आणि भिंगातून बघा. ‘उद्ध्वस्त’ जिथे धड उभा राहतो तो फाँट सहसा पुस्तकभर दगा देत नाही. स्क्रीनवर मोठं करून पाहणं पुरेसं नाही, कागदावर शाई पसरते आणि बारीक गाठी बुजतात.

देवनागरीला वर-खाली मात्रा असतात म्हणून ओळींत मोकळी जागा लागते. डेमीसाठी मी बहुतेक वेळा १३ पॉइंटचं अक्षर १८ पॉइंटच्या ओळीवर ठेवतो. वर १८, खाली २०, बाहेर १५ आणि बांधणीकडे २० मिलिमीटर समास सोडला की पानावर बरोबर २८ ओळी बसतात. बांधणीकडचा समास जाड पुस्तकात आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढवा, नाहीतर वाचकाला ओळीची सुरुवात बघायला पुस्तक चिरडून उघडावं लागतं. फाँटप्रमाणे अक्षराचा आकार वेगळा दिसतो, तेव्हा हे आकडे सुरुवातीला घ्या आणि एक पान छापून बदला.

दोन्हीकडून सरळ केलेल्या ओळींत मराठी लांब शब्दांमुळे मध्येच मोठ्या फटी पडतात. आपोआप शब्द तोडण्याची सोय बंद ठेवा, ती मराठीत भलतीकडे तोडते. फटी दिसल्या तर त्या परिच्छेदातलं अंतर हातानं किंचित कमी-जास्त करा. विषम पृष्ठांक नेहमी उजव्या पानावर. परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ नव्या पानाच्या माथ्यावर राहू देऊ नका.

आता फोटो, कारण आत्मचरित्रांत इथेच जीव अडकलेला असतो. फोटो ज्या आकारात छापायचा त्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवा. चार इंच रुंद छापायचा तर रुंदीला १२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. आईवडिलांच्या लग्नाचा जुना फोटो ट्यूबलाइटखाली मोबाइलनं टिपू नका, स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. आतली पानं एकरंगी असतील तर फोटो ग्रेस्केल, म्हणजे काळ्या-करड्या छटांचे, करा आणि मधल्या छटा थोड्या उजळ ठेवा. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे स्क्रीनवर नीट दिसणारी काळी नऊवारी कागदावर काळा ठोकळा होते.

अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के के, असला पाहिजे. वर्डमधून आलेला काळा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा, असतो आणि बदलताना त्यात छपाईच्या चारही शाया शिरतात. रंगीत मशिनवर प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक मात्रेला गुलाबी-निळी सावली दिसते.

कव्हर

आता कणा मोजता येतो. ८० जीएसएम मॅपलिथोचं एक पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड धरतात. २०८ पृष्ठं म्हणजे १०४ पानं, म्हणजे १०.४ मिलिमीटर. ३०० जीएसएम आर्ट कार्डाच्या दोन बाजू मिळून सुमारे ०.६. झाला ११ मिलिमीटर कणा. डमी मोजलीत तर तोच आकडा खरा धरा, कागदाच्या गिरणीप्रमाणे जाडी बदलते आणि बल्की (हलका पण जाड) कागद तर बराच फुगतो.

मलपृष्ठ १४०, कणा ११, मुखपृष्ठ १४०, मिळून २९१. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापली जाणारी जादा कड, धरून फाइल २९७ बाय २२२ मिलिमीटरची होते. पार्श्वभूमीचा रंग किंवा चित्र ब्लीडच्या टोकापर्यंत न्यायचं. ते कापलं जाणार आहे, पण नसेल तर कटिंग जरा हललं की कडेला पांढरी रेघ येते. नाव, मजकूर कापण्याच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवा. कण्यावरचं नाव असं फिरवा की पुस्तक मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवलं तर ते सरळ वाचता येईल. कणा सहा मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर त्यावर नाव न टाकलेलं चांगलं.

चित्र आरजीबीमध्ये असेल तर तुमच्यासमोर सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदलून घ्या. झगझगीत निळा, पोपटी आणि केशरी हे रंग हमखास मावळतात, आणि चित्रकाराला ते आधीच दिसलं तर तो सुधारून देऊ शकतो. मोठा काळा भाग नुसत्या के शाईनं करडा दिसतो, त्यात बाकीच्या शाया मिसळाव्या लागतात. किती, ते छापखान्याला विचारा. बारकोड मात्र पांढऱ्या चौकोनावर फक्त काळ्या शाईत. त्याचा मूळ आकार सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर आहे, ८० टक्क्यांच्या खाली लहान करू नका आणि उंची कापून पट्टी करू नका.

कव्हर कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर मुद्रितशोधन संपल्यावर अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारख्या आकृत्यांत, बदला. न बदललेली प्रत वेगळी जपून ठेवा, दुसऱ्या आवृत्तीत किंमत बदलायची असते तेव्हा ती लागते.

पीडीएफ आणि प्रूफ

आतली पानं आणि कव्हर यांच्या दोन वेगळ्या पीडीएफ. छापखाना वेगळं काही सांगत नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा प्रकार निवडा. पानं एकेक हवीत, जोडपानं नकोत. फर्म्याप्रमाणे पानांची जुळणी छापखान्याचं सॉफ्टवेअर करतं, तुम्ही करून दिलीत तर त्यांना उलगडायला लागते. पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून प्रॉपर्टीजमधला फाँटचा भाग बघा: प्रत्येक नावापुढे एम्बेडेड, म्हणजे फाइलमध्ये सामावलेला, असं दिसलंच पाहिजे. एकही राहिला असेल तर छापखान्याच्या कॉम्प्युटरवर त्या जागी दुसरा फाँट येऊन बसेल. फाइलच्या नावात पुस्तकाचं नाव, आतील की कव्हर, पृष्ठसंख्या आणि तारीख लिहा. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. एका पुस्तकाच्या तीन फायनल फाइल पेनड्राइव्हवर असल्यामुळे जुनी छापली गेल्याचं मी पाहिलं आहे.

ही पीडीएफ लेझर प्रिंटरवर पूर्ण छापा आणि पहिल्या शब्दापासून वाचा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही मूळ प्रत धरून बसा. अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा प्रत्यक्ष पानाशी जुळवा. श्रेयपानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीचं वर्ष, किंमत, आयएसबीएन बघा, आणि तो नंबर बारकोडखालच्या आकड्यांशी अंकागणिक ताडा.

त्यानंतर छापखान्याकडून एक पूर्ण बांधलेली डिजिटल प्रत मागा. ती तुमच्या कोऱ्या डमीशेजारी ठेवा. कण्यावरचं नाव मध्यभागी आहे का, कोरं पान चुकून सरकलंय का, फोटो किती गडद आलेत ते बघा. दुरुस्त्या असतील तर फोनवर सांगू नका, त्याच प्रतीवर लाल शाईनं करा आणि फाइल सुधारून पूर्ण पीडीएफ नवी द्या, सुटी पानं देऊ नका. नंतर मंजुरीची सही करा, तारीख घाला. जमलं तर पहिला फर्मा मशिनवर चढेल त्या दिवशी जाऊन उभे राहा. पहिले काही कागद निघाले की मशिनमन एक हातात देतो. तो मोठा कागद घडी घालून पृष्ठांक ओळीनं येतात का आणि शाई सगळीकडे सारखी आहे का, एवढंच त्या वेळी बघायचं.

प्रती घरी आल्या की १९५४ च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या केंद्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला पाठवायची असते. त्या चार प्रती पहिल्या खोक्यातूनच बाजूला काढून ठेवा. आणि एक प्रत स्वतःच्या टेबलावर ठेवा, वाचक फोन करून चुका सांगतील त्या तिच्यावरच पेन्सिलीनं लिहीत जायला.